कोणी कोणाला काय कळवलं: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाची हद्द आधीच आखून घेते, नाहीतर हे पसरत जाईल. इंग्लंडमधली रिजन्सी, म्हणजे ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला आणि युवराज कारभार बघू लागला, ती वर्षं. या काळात उमराव घरांतल्या बायकांनी एकमेकींना आणि आपल्या माणसांना लिहिलेल्या पत्रांतून बातमी कशी फिरायची ते बघायचं. कोणी स्वतः पाहिलं, कोणी ऐकलं, कोणी कोणाला कळवलं, कोणी तोंड मिटून ठेवलं. शेवटी एक तक्ता आणि त्यावर चार-पाच लेख.

सगळी घराणी घेतली तर जन्म पुरणार नाही. एकच गोतावळा घेतेय, लंडनच्या डेव्हनशर हाउसचा. मधोमध हॅरिएट कॅव्हेंडिश, डेव्हनशरच्या पाचव्या ड्यूकची धाकटी मुलगी, जन्म १७८५, घरात ‘हॅरी-ओ’. तिची बहुतेक पत्रं थोरल्या बहिणीला आहेत. ही बहीण १८०१ मध्ये लॉर्ड मॉर्पेथशी लग्न करून यॉर्कशरच्या हॉवर्ड घराण्यात गेली आणि पुढे बारा मुलांची आई झाली. एवढ्या खटल्यातून तिला लंडनला यायला सवड कुठली. शहरात काय शिजतंय ते तिला कळवत राहणं, हे काम धाकटीने आपणहून अंगावर घेतलं आणि जन्मभर निभावलं.

९ जानेवारी

नावांनी जीव खाल्ला. आई जॉर्जियाना, थोरली मुलगी जॉर्जियाना, आजीच्या नावातही जॉर्जियाना. मावशी हेन्रिएटा, तिलाही हॅरिएटच म्हणायचे. कॅरोलाइन तर दोन, आणि दोघी एकाच घरात सुना. लेडी मेलबर्नच्या विल्यम लॅम्ब या मुलाची बायको कॅरोलाइन पॉन्सनबी, म्हणजे हॅरी-ओची मावसबहीण. धाकट्या जॉर्ज लॅम्बची बायको कॅरोलाइन सेंट ज्यूल्स, म्हणजे हॅरी-ओची सावत्र बहीण, पण हे उघडपणे कोणी म्हणायचं नाही, कारण ती ड्यूकला लेडी एलिझाबेथ फॉस्टरपासून झालेली. मंडळींनीच वैतागून तोडगा काढला होता: एक कॅरो-विल्यम, दुसरी कॅरो-जॉर्ज. मीही तेच वापरणार.

त्यात पदव्या बदलतात. हीच लेडी एलिझाबेथ १८०९ मध्ये ड्यूकशी लग्न करून डचेस झाली. हॅरी-ओचा भाऊ १८११ पर्यंत हार्टिंग्टन, वडील गेल्यावर सहावा ड्यूक. हॅरी-ओचा नवरा १८१५ पासून व्हायकाउंट. त्यामुळे तक्त्यात नावावर शोध घ्यायचाच नाही असं ठरवलं. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, आणि शेजारच्या रकान्यात हॅरी-ओशी नातं: मावशी, मावसबहीण, सावत्र आई, नणंद, मेहुणा. या रकान्यामुळे तक्ता एकदम बोलायला लागला. कोण कोणाची बाजू घेणार ते पत्र वाचायच्या आधीच निम्मं कळतं.

१४ जानेवारी

आज फक्त टपाल. हे नीट कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

पत्राचे पैसे ज्याला पत्र मिळालं त्याने भरायचे. आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. १८१२ च्या दरांप्रमाणे एका कागदाला पंधरा मैलांपर्यंत चार पेनी, लंडन ते यॉर्क एवढ्या अंतराला अकरा. दोन कागद झाले की दुप्पट. लिफाफा हाही कागदच धरला जाई, म्हणून लिफाफा नाहीच: एक मोठा ताव दुमडून चार पानं करायची, शेवटच्या पानावर पत्त्यापुरती जागा सोडायची, घडी घालून लाखेचा शिक्का मारायचा. जागा संपली की कागद आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा ओळी. अशी पत्रं वाचताना डोळ्यांना पाणी येतं, मजकुरामुळे नव्हे.

पण उमरावांना एक पळवाट होती. पार्लमेंटच्या सभासदाने पत्त्याच्या जागी सही केली की पत्र फुकट. नियम कडक होते: पूर्ण पत्ता आणि तारीख सभासदाच्याच हस्ताक्षरात हवी, वजन एक औंसापर्यंत, दिवसाला दहा पाठवायची आणि पंधरा घ्यायची. त्यामुळे खेड्यातल्या मोठ्या वाड्यावर पाहुणे जमले की सकाळी न्याहारीनंतर बायका आपापली पत्रं घेऊन एखाद्या खासदाराच्या भोवती. त्याला मजकूर ठाऊक नसे, पण कोण कोणाला लिहितंय हे बरोबर कळे. हॅरी-ओच्या घरात तर नवरा सभासद आणि मेहुणाही सभासद. तिला काटकसर करायची होती ती वजनाची, पैशांची नव्हे. तिच्या पत्रांतला सैलपणा, एका जेवणावळीसाठी पानभर जागा खर्चणं, याचं निम्मं श्रेय या फुकट सहीला द्यायला हवं.

टपालगाड्या लंडनहून रात्री आठला सुटत, रविवारी सुटत नसत. म्हणजे शनिवारी रात्रीच्या नाचात काही घडलं तर ते यॉर्कशरला पोचायला मध्ये एक दिवस आपोआप जायचा. ‘विलंब’ म्हणून वेगळा रकाना काढलाय.

२१ जानेवारी

‘पुरावा’ या रकान्याचे तीन प्रकार केले: पाहिलं, ऐकलं, ऐकलेल्याकडून ऐकलं. हॅरी-ओ याबाबत काटेकोर आहे, गप्पिष्ट बाईकडून अपेक्षा नसते इतकी. पाहिलेल्या गोष्टीत ती माणसाचं नाक, आवाज, जेवताना घातलेली टोपी सगळं देते. ऐकीव असेल तर सांगणाऱ्याचं नाव. लग्नं, बाळंतपणं, आजारपणं, कर्जं, भांडणं, सरकार पडतंय की राहतंय, हे सगळं एकाच परिच्छेदात येतं. सुरुवातीला मी ‘कौटुंबिक’ आणि ‘राजकीय’ असे दोन गट केले होते, ते आज काढून टाकले. या घरांत मंत्रिमंडळ म्हणजे कोणाचा तरी मेहुणा आणि कोणाचा तरी जुना प्रियकर. युवराज रीजंट झाल्यावर व्हिग पक्षातल्या आपल्या जुन्या दोस्तांना सत्तेवर आणील अशी डेव्हनशर हाउसची खात्री होती. त्याने आणलं नाही. त्याच्यावर आता कोणत्या बाईची छाप आहे, तो लेडी हर्टफर्डकडे किती वेळ बसतो, ही चौकशी म्हणजे चहाटळपणा नव्हता. ज्यांना मत नाही, सभागृहात जागा नाही, त्यांना राजकारणाचा वास घ्यायला हाच एक रस्ता.

२६ जानेवारी

आजी, लेडी स्पेन्सर, १८१४ पर्यंत हयात होती. तिला लिहिताना हॅरी-ओचं कलम सावरून चालतं: तब्येत, वाचन, हवा. बहिणीला लिहिताना पदर खोचलेला असतो. ‘कोणाला’ हा रकाना ‘काय’ या रकान्याच्या आधी वाचायचा, हा नियम भिंतीवर लिहून लावलाय.

२ फेब्रुवारी

आता अवघड भाग.

मावशी लेडी बेसबरो, जन्म १७६१. नवरा आहे, चार मुलं आहेत. १७९४ मध्ये नेपल्सला तिला ग्रॅनव्हिल लेव्हसन-गोअर भेटला, तिच्याहून बारा वर्षांनी लहान, देखणा, जुगारी. पुढे कितीतरी वर्षं हे प्रकरण चाललं. त्यातून दोन मुलं झाली, १८०० मध्ये हॅरिएट आणि १८०४ मध्ये जॉर्ज. आडनाव लावलं स्टुअर्ट. मुलं सुरुवातीला दुसरीकडे वाढली. आणि २४ डिसेंबर १८०९ रोजी याच ग्रॅनव्हिलशी हॅरी-ओचं लग्न झालं. मावशीच्या संमतीनेच.

हॅरी-ओचं त्या वर्षाचं घर डोळ्यांसमोर आणावं लागतं. आई १८०६ मध्ये गेली. बहीण सासरी. घरात लेडी एलिझाबेथ मालकिणीसारखी वावरते, यजमानीण म्हणून मिरवते, जो मान मुलीचा होता. ऑक्टोबर १८०९ मध्ये वडील तिच्याशी रीतसर लग्न करतात. चोवीस वर्षांची मुलगी त्या घरात किती दिवस काढणार? छत्तिसाव्या वर्षी स्थिरस्थावर व्हायला निघालेला, मावशीचा माजी प्रियकर, हा त्या घरातून बाहेर पडण्याचा दरवाजा होता, असं मी आधी धरून चालले होते. पण पत्रं वाचून मत बदलावं लागतं. हा संसार सुखाचा झाला. ती नवऱ्यावर उघडउघड लुब्ध आहे, वर्षानुवर्षं. आणि ती स्टुअर्ट मुलं तिने आपल्या घरी आणून वाढवली. त्या मुलीचं १८२४ मध्ये जॉर्ज ऑस्बोर्नशी लग्न झालं. तो पुढे ड्यूक ऑफ लीड्स झाला.

मावशीचं ग्रॅनव्हिलला पत्र लिहिणं मात्र थांबलं नाही. १८२१ मध्ये फ्लॉरेन्सला ती वारली, तोपर्यंत ती त्याला लिहीत होती. भाचीच्या नवऱ्याला, दरबारची, लढाईची, मुलांची, सगळी बातमी. माझ्या तक्त्यात एकाच घराकडे दोन बाणांचे प्रवाह जातायत: मावशीकडून नवऱ्याला, आणि त्याच घरातून बायकोकडून बहिणीला. कधी कधी बातमी तीच. मावशीने त्याला कळवलेलं, त्याने जेवताना बायकोला सांगितलेलं, तिने दुसऱ्या दिवशी यॉर्कशरला धाडलेलं, असं घडलं असणार हे दिसतं. पण मधला दुवा जेवणाच्या टेबलावरचा, तो कागदावर सापडायचा नाही. तिथे तुटक रेघ.

५ फेब्रुवारी

हे सगळं आपल्याला वाचायला कसं मिळालं याची साखळी आज मांडली, आणि इतके दिवस कुठे बोट ठेवायचं ते कळत नव्हतं, ते कळलं.

१८९४: हॅरी-ओची पत्रं दोन खंडांत छापली तिच्या धाकट्या मुलाने, फ्रेडरिकने. तो जन्मला १८१९ मध्ये, म्हणजे पंच्याहत्तरीचा म्हातारा आईची पत्रं निवडत होता. सुरुवात १८१० पासून. लग्न झालेलं, डेव्हनशर हाउस मागे पडलेलं. १९१६: मावशीची ग्रॅनव्हिलला लिहिलेली पत्रं छापली हॅरी-ओच्या सुनेने, कास्टालिया ग्रॅनव्हिलने. सासऱ्याच्या कागदांत सापडलेली त्याच्या प्रेयसीची पत्रं, संपादक सून! १९४०: हॅरी-ओची लग्नाआधीची, १७९६ ते १८०९ ची पत्रं. सावत्र आईबद्दलचा जळफळाट यांत आहे. लिहिल्यावर एकशे तीस वर्षांनी.

म्हणजे क्रम पाहा. परक्यांबद्दलची कुचाळकी आधी छापून आली, घरातली सगळ्यात शेवटी. जी माणसं दुसऱ्यांच्या घरचं इतकं बारकाईने टिपत होती त्यांच्या वारसांनी स्वतःच्या घरापुरती झाकली मूठ ठेवली. तक्त्याला आणखी एक रकाना: ‘छापून कधी आलं’. आता प्रत्येक बातमीला दोन तारखा, लिहिल्याची आणि उघड झाल्याची. प्रकल्पाचा कणा हाच राहणार.

१७ फेब्रुवारी

१८१२ घेतलं. कॅरो-विल्यम आणि कवी बायरन.

मार्चमध्ये बायरन एका रात्रीत प्रसिद्ध झाला, वसंतात प्रकरण सुरू झालं, १२ ऑगस्टला ती सासरच्या मेलबर्न हाउसमधून पळाली. मे महिन्यात पंतप्रधान पर्सिव्हलचा पार्लमेंटच्या आवारात खून झाला होता, पण या पत्रांचा आवाज कॅरोमुळे जास्त चढतो. आई आणि सासू दोघी शोधायला बाहेर. अखेर बायरननेच तिला केन्झिंग्टनमधल्या एका शल्यवैद्याच्या घरातून हुडकून आणली. हे सविस्तर कोण कोणाला लिहितं? लेडी बेसबरो, ग्रॅनव्हिलला. पोटच्या मुलीची बेअब्रू ती जुन्या प्रियकराला, जो आता भाचजावई आहे, त्याला लिहून मन मोकळं करते. सप्टेंबरमध्ये कॅरोला आयर्लंडला नेलं. बायरनने संबंध तोडणारं पत्र तिकडे धाडलं, ते त्याच्या नव्या प्रेयसीच्या, लेडी ऑक्सफर्डच्या, शिक्क्याने बंद केलेलं. लाख फोडायच्या आधीच उत्तर मिळालं होतं.

सासूचं, लेडी मेलबर्नचं, वागणं मला या सगळ्यात थक्क करणारं वाटतं. सुनेचा प्रियकर तिलाच पत्रं लिहितोय, सल्ला मागतोय, आणि ती देतेय. त्याच शरद ऋतूत तिने आपल्या भाचीसाठी, ॲनाबेला मिलबँकसाठी, बायरनची मागणी पोचवली. भाचीने नकार दिला. पुढे होकार देऊन २ जानेवारी १८१५ ला लग्न केलं. तक्त्यात लेडी मेलबर्नकडे जेवढे बाण येतात तेवढे कोणाकडेच येत नाहीत. आणि तिच्याकडून निघतात ते मोजके, नेमके.

२८ फेब्रुवारी

१८१६ चा वसंत. एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्याच महिन्यात नाही. तक्त्याच्या पाटीवर मावत नव्हती म्हणून वेगळं पान केलं.

१५ जानेवारीला ॲनाबेला महिन्याभराच्या मुलीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघून गेली. २१ एप्रिलला विभक्त होण्याच्या कागदावर बायरनची सही, २५ ला त्याने इंग्लंड सोडलं. २ मे: युवराजाची मुलगी शार्लट आणि लिओपोल्ड यांचं लग्न. ९ मे: कॅरो-विल्यमची तीन भागांची निनावी कादंबरी बाजारात. १६ मे: फॅशनचा राजा ब्रमेल कर्जाला भिऊन रातोरात फ्रान्सला. २१ एप्रिलपासून पुढचं सगळं चार आठवड्यांच्या आत, आणि शेजारी नेहमीची बाळंतपणं आणि सर्दीपडसं आहेतच.

कादंबरीवर थांबते. तिच्यात बायरन आहे, व्हिग मंडळींची बडी यजमानीण लेडी हॉलंड मादागास्करची राजकन्या होऊन आलीय, सासर आहे. कोण म्हणजे कोण याच्या याद्या लगेच हातोहात फिरल्या. लेडी जर्सीने कॅरोला ऑलमॅक्समधून काढून टाकलं. किंग स्ट्रीटवरच्या या नाचघराचे प्रवेश-परवाने सहासात बायका द्यायच्या, त्यांतली ही एक. अखंड बोलायची म्हणून हिला ‘सायलेन्स’ म्हणत. परवाने देणाऱ्यांत कॅरोची नणंद लेडी काउपरही होती. घरात नवऱ्यावर दबाव की हिला सोड. तो १८२५ पर्यंत सोडत नाही.

मला हे कळत नव्हतं की एवढा आगडोंब का. बायरनबद्दल, लेडी हॉलंडबद्दल याहून बोचरं या बायका रोज लिहीत होत्या. हॅरी-ओच्या कलमाने रंगवलेली माणसं कॅरोच्या पात्रांपेक्षा जास्त सोलली गेलीयत. फरक एवढाच की हॅरी-ओचा कागद दुमडून लाखेने बंद व्हायचा आणि ओळखीच्या हातांत पडायचा. कॅरोने तोच ऐवज पुस्तकवाल्याला दिला; पैसे टाकेल त्या दुकानदाराच्या बायकोनेही वाचावा. वर्तमानपत्रंसुद्धा ‘लेडी सी. एल.’ एवढंच छापून आडपडदा ठेवत. कॅरोने सांगितलं म्हणून तिला वाळीत टाकलं नाही. विकलं म्हणून टाकलं.

लेख क्रमांक दोन हाच.

८ मार्च

काउंटेस लीव्हेनला या तक्त्यात घ्यायचं की नाही? रशियन राजदूताची बायको, १८१२ पासून लंडनमध्ये, ऑलमॅक्सच्या परवानेवाल्यांपैकी. १८१८ पासून तिची मेटरनिखला पत्रं. ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री तिचा प्रियकर, आणि लंडनच्या दिवाणखान्यांतली खबर त्याच्याकडे ऑस्ट्रियन वकिलातीमार्फत पोचते. हॅरी-ओ बहिणीला रिझवायला लिहिते, लीव्हेन त्याच मेजवानीतून युरोपच्या राजकारणासाठी कच्चा माल उचलते. घेतलं, पण वेगळ्या रंगात, आणि तिच्या पत्रांवर विश्वास एक पायरी कमी.

१५ मार्च

नोव्हेंबर १८१७. राजकन्या शार्लटला पन्नास तासांच्या वेणांनंतर मेलेला मुलगा झाला आणि ६ तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास ती स्वतः गेली. वय एकवीस. सगळ्या देशाने काळे कपडे घातले. आदल्या दिवशी, ५ तारखेला दुपारी, इथे खडकीला बापू गोखल्यांच्या घोडदळाची इंग्रजांशी गाठ पडली होती. पुण्यात बसून हे काम करताना या दोन तारखा शेजारी दिसल्यावर थबकायला होतंच. तक्त्यात खडकीला जागा नाही. इकडची बातमी तिकडे पोचायला महिने लागत, आणि पोचली ती दुसऱ्या टेबलांवर.

शार्लट गेल्यावर वारस कोण हा प्रश्न. म्हातारे होत आलेले राजपुत्र ठेवलेल्या बायका सोडून जर्मन राजकन्या शोधायला धावले. ११ जुलै १८१८ ला क्लॅरेन्स आणि केंट या दोघा ड्यूकांची लग्नं एकाच दिवशी क्यूला. पुढच्या वर्षी २४ मे ला केंटला मुलगी झाली, व्हिक्टोरिया. स्थळं पाहण्याची ही राष्ट्रीय धांदल टिपताना सगळ्यांच्याच पत्रांत दुःख आणि हसू आळीपाळीने येतं. रकाना ‘भाव’ काढला होता, तो रद्द. एका पत्राला एक भाव लावता येत नाही.

२२ मार्च

वॉटर्लूचा भाग राहिला होता, तो उरकला. लेडी बेसबरोचा मुलगा फ्रेडरिक पॉन्सनबी तिथे जबर जखमी झाला आणि वाचला. कॅरो-विल्यम ब्रुसेल्सला भावाच्या शुश्रूषेला गेली. लढाईच्या बातम्यांत ‘विलंब’ हा रकाना पहिल्यांदा काळजाला भिडतो: मुलगा जिवंत आहे की नाही हे पत्र वाटेत असेपर्यंत ठरलेलं नसतं.

३० मार्च

तक्ता आता दाखवण्याजोगा आहे. सरळ रेघ म्हणजे पत्र हातात आहे, तुटक रेघ म्हणजे तोंडी सांगितलं असणार, आणि लाल ठिपका म्हणजे दोघींनाही ठाऊक होतं पण पत्रात आलं नाही. लाल ठिपके सगळ्यात दाट हॅरी-ओ आणि तिच्या मावशीच्या मध्ये. आकृत्या काढणारी मैत्रीण म्हणते ठिपके काढून टाक, पुरावा नाही. माझं म्हणणं, स्टुअर्ट मुलं हॅरी-ओच्या घरात वाढली हाच पुरावा. ठिपके राहतील, पण खाली स्पष्ट लिहायचं की हा माझा तर्क.

बाकी: १८१८ एप्रिलमध्ये लेडी मेलबर्न वारल्यावर तिच्याकडे येणारे बाण कोणाकडे वळले ते बघायचं, लेडी काउपर असणार असा अंदाज. सारा स्पेन्सरची आरमारातल्या भावाला लिहिलेली पत्रं तुलनेसाठी घ्यायची, तिथे बातमी जहाजामागून जहाजाने पोचते. लेख एक, टपालावरचा, सोमवारी मैत्रिणीकडे.